तारण नसलेली जमीन



छत्रपती संभाजीनगरात महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे कार्यालय पाणचक्कीच्या आवारात आहे. योगायोग असेल, पण बोलका आहे. दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आलेल्या पाण्यावर तिथले जाते फिरायचे आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातल्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी पीठ निघायचे. वक्फ म्हणजे धर्मादायासाठी कायमची वाहिलेली मालमत्ता; अशा जागेने आपली चूल आपणच पेटती ठेवावी, हे त्या काळी कुणाला समजावून सांगावे लागत नव्हते.

आता हिशेब पाहा. 2006 च्या सच्चर समितीने देशात 4.9 लाख वक्फ मालमत्ता, सुमारे 6 लाख एकर जमीन आणि 1.2 लाख कोटी रुपयांचा बाजारभाव नोंदवला. वार्षिक उत्पन्न होते 163 कोटी. म्हणजे शंभर रुपयांच्या जमिनीवर जेमतेम 14 पैसे!

सगळा दोष वक्फची व्यवस्था पाहणाऱ्या मुतवल्लींच्या माथी मारणे सोपे आहे, पण खरी अडचण जमिनीच्या स्वभावातच आहे. खैबरची जमीन हजरत उमर यांनी वक्फ केली तीच या अटीवर, की ती विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसांना जायची नाही. फळ तेवढे गरजूंचे. आपल्या कायद्यानेही तिची विक्री आणि गहाण दोन्ही रोखले आहे. तारण नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून बांधकाम नाही. मग पडीक जागेवर आधी टपरी येते, टपरीचे पक्के दुकान होते आणि भाडे मात्र आजोबांच्या काळातले राहते.

सावकार दारात उभे करत नसेल तर भागीदार शोधावा. मराठी शेतकऱ्याला हे शिकवायला नको. जमीन एकाची, राबणूक दुसऱ्याची, रास दोघांची: त्याची बटाई आणि अरबी ग्रंथांतली मुजारआ एकाच जातीच्या. ‘इजारा’ म्हणजे भाडेपट्टा; हा शब्द तर आपल्या जुन्या दफ्तरांत पानोपानी भेटतो. शहरी जागेसाठी यातलाच प्रकार म्हणजे मुशारका: भांडवल दोघांचे, नफा ठरलेल्या वाट्याने, तोटा ज्याच्या-त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात.

सिंगापूरने हे करून दाखवले. बेन्कूलेन रस्त्यावरच्या जुन्या मशिदीच्या वक्फ जागेसाठी तिथल्या इस्लामी धर्मपरिषदेने मुशारका सुकूक, म्हणजे इस्लामी नियमांनुसारचे रोखे, काढून 3.5 कोटी सिंगापूर डॉलर उभे केले. आज त्या जागेवर नवी मशीद आहे, व्यापारी मजले आहेत आणि शंभरावर सेवासज्ज सदनिकाही आहेत. सदनिका चालवण्याचे काम अ‍ॅस्कॉट या व्यावसायिक कंपनीकडे सोपवले गेले. धर्मपरिषदेने हॉटेल चालवायचा हट्ट धरला नाही, हा शहाणपणा मला सुकूकपेक्षाही मोठा वाटतो. मक्केत राजे अब्दुल अझीझ वक्फच्या जागेवर बिन लादेन समूहाने 28 वर्षांच्या कराराने बांधकाम केले. त्यातल्या झमझम मनोऱ्यासाठी कुवेतच्या एका कंपनीने 24 वर्षांच्या वापरहक्काचे सुकूक विकून 39 कोटी डॉलर जमवले. जमीन वक्फचीच राहिली.

उलट उदाहरण ऑटोमन तुर्कस्तानचे. आगीत जळालेल्या इमारती पुन्हा बांधायला पैसा नव्हता, म्हणून ‘दुहेरी भाड्या’ची पद्धत रुळली: आरंभी मोठी रक्कम, पुढे दरसाल नाममात्र भाडे. इमारती उभ्या राहिल्या, पण भाडेकरूचा हक्क वारशाने चालू लागला आणि वक्फच्या हाती कागदी मालकी उरली. आपल्याकडे वक्फ कायद्यातील 2013 च्या दुरुस्तीने व्यापार, शिक्षण आणि आरोग्यासाठी 30 वर्षांपर्यंत भाडेपट्टा देता येतो. मुदत पुरेशी आहे. घोडे अडते ते करारनाम्यात. भाडे दर किती वर्षांनी वाढणार, हिशेब कोण तपासणार, मुदत संपल्यावर इमारत कुणाची, ही कलमे मोघम ठेवणाऱ्या मुतवल्लीने भागीदारापेक्षा कूळच गाठले म्हणायचे.

या सभागृहात वकील आहेत, सनदी लेखापाल आहेत, मुतवल्लीही आहेत. परिषद संपण्यापूर्वी तिघांनी मिळून भागीदारीचा एक नमुना करारनामा मराठीत आणि उर्दूत लिहून काढावा, आणि लहान गावातल्या मुतवल्लीला तो वकिलाशिवाय वाचता यावा, एवढी विनंती आहे.