बिल फुटावर, हिशेब कशावर?



तुरळचं कुंड अजून पाहिलं नसेल त्यांनी उद्या सकाळी जरूर जावं, पण पाय जपून टाकावा. पाणी चटका देतं.

आरवली, तुरळ, राजवाडी ही आमच्या संगमेश्वर तालुक्यातली ऊन पाण्याची गावं. दापोलीकडे उन्हवरे, पालीजवळ उन्हेरे, राजापूरजवळच्या गावाचं तर नावच उन्हाळे. ऊन पाण्यावरून गावांना नावं देणाऱ्या कोकणात भूऔष्णिक ऊर्जेची परिषद भरायला इतकी वर्षं का लागली, हा प्रश्न मी स्वागताध्यक्ष म्हणून विचारत नाही. यजमानाने तक्रार करायची नसते.

देशाची भूऔष्णिक क्षमता सुमारे १०,६०० मेगावॅट, असं सरकारी कागद सांगतात. सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय धोरणही आलं. म्हणजे आता सरकारी पैसा जमिनीत जाणार. त्यावर नजर कोणी आणि कशी ठेवायची, एवढंच मला बोलायचं आहे.

बोअर म्हणजे काय हे गावच्या माणसाला सांगावं लागत नाही. पाणाड्या तळहातावर नारळ धरून जागा दाखवतो, गाडी येते, रात्रभर धुरळा उडतो आणि बिल फुटावर होतं. पाणी लागो वा न लागो. इथेही तसंच आहे, फक्त पाण्याऐवजी उष्णता शोधायची आणि खिसा जनतेचा. विहीर कोरडी गेली म्हणून अधिकाऱ्याला चौकशीत अडकवलं, तर पुढचा अधिकारी सहीच करणार नाही. पण कोरड्या विहिरीची नोंद दडवणाऱ्याला मात्र माफी नको.

आपल्याकडे अनुदानाचं काम उपयोगिता प्रमाणपत्रावर मिटतं. पैसा ठरल्या कामावर खर्च झाला, एवढं ते सांगतं. पाचशे मीटरवर तापमान किती निघालं, हे त्यात कुठे लिहायचं? पावत्या तपासायला लेखापरीक्षक पुरतो. खडकाचा नमुना वाचायला त्याच्या शेजारी भूवैज्ञानिक बसवावा लागेल.

लडाखच्या पुगा खोऱ्यात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७०च्या दशकात विहिरी घेतल्या. तिथे १ मेगावॅटच्या प्रायोगिक प्रकल्पासाठी ओएनजीसीचा करार झाला २०२१ मध्ये. ऑगस्ट २०२२ मध्ये खोदताना विहिरीतलं पाणी पुगा नाल्यात उतरलं आणि काम थांबलं. नाल्याकाठी गुरं चारणाऱ्याला आपल्या उपयोगिता प्रमाणपत्राचं काय कौतुक?

केनियाने २००८ मध्ये या कामासाठी सरकारी कंपनीच काढली. मेनेंगाईत विहिरी ती खोदते आणि वाफ खाजगी वीजकंपन्यांना विकते. खोदाई २०११ मध्ये सुरू झाली, पहिला खाजगी प्रकल्प चालला २०२३ मध्ये. बारा वर्षं! तेवढ्यात आपल्याकडे किती सचिव बदलतात, हे व्यासपीठावरच्या मंडळींना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. बदली झालेल्या साहेबाच्या कपाटात राहिलेली नोंद कुणाच्याच उपयोगाची नाही.

म्हणून ठराव समितीला यजमान या नात्याने एकच विनंती. सरकारी पैशाने खोदलेल्या प्रत्येक विहिरीची खोली, तापमान, प्रवाह आणि पाण्यातले क्षार सहा महिन्यांत जाहीर करावेत, आणि पुढचा हप्ता त्यानंतरच सुटावा, हे वाक्य मसुद्यात घाला.

व्यवस्थेत काही उणं राहिलं असेल तर सांभाळून घ्या. जेवण एक वाजता, मंडपाच्या मागे. सोलकढी मुबलक आहे.