विषाणू, मेंदू आणि आपले मन

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



वर्षावासातील व्याख्यानात आपण बहुधा धम्मावर बोलतो. आज मी आजारावर बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला एक कारकून आहे. तरीही हा विषय घेतला, कारण या आजारात औषधाइतकेच घरच्या माणसांचे शहाणपण उपयोगी पडते, आणि शहाणपण हा तर धम्माचाच विषय आहे.

विषाणू इतका सूक्ष्म असतो की तो साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. तो स्वतंत्रपणे वाढू शकत नाही. आपल्या शरीरातील पेशीत शिरून तो वाढतो. मेंदूभोवती निसर्गाने एक संरक्षक तटबंदी ठेवलेली आहे, पण काही विषाणू ती ओलांडतात. कोणी रक्तातून जातो, कोणी मज्जातंतूंच्या वाटेने जातो. मग मेंदूला सूज येते. त्याला आपण मेंदूज्वर म्हणतो. काही वेळा विषाणू मेंदूत फारसा शिरतही नाही, परंतु त्याच्याशी लढणारी आपली प्रतिकारशक्तीच भडकते आणि मेंदूला इजा करते. स्मरण, राग, भीती, झोप, बोलणे ही सारी मेंदूचीच कामे असल्यामुळे मेंदू आजारी पडला की माणसाचे वागणे बदलते, आणि घरचे लोक म्हणतात, "याला काहीतरी लागले."

एक उदाहरण आपल्या विदर्भातलेच आहे. १९६५ साली नागपूर भागात तापाची साथ असताना रुग्णांच्या रक्तातून एक नवा विषाणू सापडला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तो वेगळा केला. तेच केंद्र आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. चांदीपुरा या गावावरून विषाणूला चांदीपुरा हे नाव मिळाले. तो वाळूमाशीच्या चाव्यातून पसरतो. ही माशी डासाहूनही लहान असते आणि मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत राहते. २००३ साली आंध्र प्रदेशात या आजाराची ३२९ मुलांना लागण झाली आणि त्यांतील १८३ मुले दगावली. त्याच वर्षी महाराष्ट्रातही साथ होती. २०२४ साली गुजरातमध्ये तो पुन्हा दिसला. यावर लस नाही आणि खास औषधही नाही. सकाळी खेळणारे मूल तापाने फणफणते, त्याला झटके येतात आणि एक-दोन दिवसांत सारे संपते. मातीच्या घरांत कोण राहते, हे मी आपणांस सांगायला नको. म्हणून भिंतीची भेग लिंपणे हे गरिबाच्या घरातले आरोग्याचे काम आहे.

दुसरा आजार जपानी मेंदूज्वर. त्याचा विषाणू डुकरे आणि बगळ्यांसारखे पाणपक्षी यांच्यात असतो आणि धानाच्या शेतातील साचलेल्या पाण्यात वाढणारे क्युलेक्स डास तो माणसापर्यंत आणतात. मेंदूला सूज आलेल्या दर १०० रुग्णांपैकी ३० पर्यंत दगावू शकतात. वाचलेल्यांपैकी अनेकांना पुढे फेफरे, बुद्धीची मंदता किंवा वागण्यातील बिघाड सोबत करतो. मात्र यावर लस आहे आणि ज्या जिल्ह्यांत धोका आहे तेथे ती सरकारतर्फे बालकांना दिली जाते.

गोवराला आपण साधा आजार समजतो. पण क्वचित एखाद्या मुलात गोवराचा विषाणू मेंदूत दबा धरून बसतो आणि अनेक वर्षांनी डोके वर काढतो. हुशार मुलगा अभ्यासात मागे पडू लागतो, चिडचिडा होतो, हातातली वस्तू पाडतो. शिक्षक आळशी म्हणतात आणि आईबाप मारतात. पुढे झटके सुरू होतात तेव्हा खरे काय ते कळते, पण तोवर उपाय उरलेला नसतो. गोवराच्या लसीचे दोन डोस हाच त्याचा प्रतिबंध आहे.

रेबीजबद्दल तर कोणी गाफील राहू नये. कुत्रा चावल्यावर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लस सुरू करावी. लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ कोणीच वाचत नाही. कुत्रा, साप, विंचू चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ज्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या कायद्यासाठी आयुष्य वेचले, त्यांची त्याच वर्षी हत्या झाली, हेही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

आमच्या परिसरातील बारावीच्या एका मुलाची हकीकत सांगतो. चार दिवस ताप आणि डोकेदुखी झाली. पाचव्या दिवशी तो आईला ओळखेना, भिंतीवर माणसे दिसतात म्हणू लागला. नातेवाईकांनी भगताला आणले. अंगारा, लिंबू, उतारा यांत दोन रात्री गेल्या. तिसऱ्या दिवशी त्याला आकडी आली तेव्हा शेजारच्या आशाताईंनी भांडून त्याला सरकारी रुग्णालयात नेले. पाठीच्या कण्यातील पाणी तपासले आणि हर्पिस नावाच्या विषाणूने मेंदूला सूज आल्याचे निघाले. तापानंतर ओठांवर बारीक फोड आणणारा हाच विषाणू क्वचित मेंदूत शिरतो आणि स्मरणाच्या व भावनेच्या भागावर घाव घालतो. उपचार न मिळाल्यास बहुतेक रुग्ण दगावतात. असायक्लोव्हिर हे औषध वेळेवर शिरेतून दिले तर अनेक जण वाचतात. मुलगा वाचला. पण कालची गोष्ट त्याला आज आठवत नाही आणि राग चटकन येतो. भगतापायी गेलेले दोन दिवस कोणी परत आणून देणार नाही. आता वस्तीतली पोरे त्याला 'वेडा' म्हणतात. बंधूंनो, पहिला घाव विषाणूने घातला, हा दुसरा आपण घालीत आहोत.

कोरोनाने तर हा विषय घराघरांत आणला. २०२१ साली 'लॅन्सेट सायकियाट्री' या नियतकालिकात सुमारे २ लाख ३६ हजार कोरोना रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांच्या आत त्यांतील सुमारे एक तृतीयांश लोकांत मेंदूच्या किंवा मनाच्या आजाराची नोंद झाली होती. काहींना तो त्रास आधीपासूनही होता, परंतु फ्ल्यूच्या रुग्णांपेक्षा हे प्रमाण जास्त होते. आजारानंतर थकवा, विसराळूपणा, उदासी, झोप न येणे हे आपल्यापैकी अनेकांनी भोगले. त्यात कोणाची नोकरी गेली, कोणाचा माणूस गेला. त्या सर्वांना "मन घट्ट कर" एवढेच सांगून आपण मोकळे झालो.

तेव्हा करायचे काय? ताप असताना बडबड, भ्रम, माणसे न ओळखणे, मान ताठ होणे, झटके किंवा सतत गुंगी यांपैकी काहीही दिसले तर ती बाहेरची बाधा नव्हे. तासाभराचाही उशीर न करता रुग्णालय गाठावे. मुलांच्या लसी चुकवू नयेत. बऱ्या झालेल्या माणसाच्या वागण्यात बदल राहिला तर मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यास लाजू नये. शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. आणि कोणाच्याही आजाराला शिवी बनवू नये.

भगवान बुद्धांच्या काळी एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडला होता. त्याच्याजवळ कोणी जात नव्हते. बुद्धांनी आनंदासह स्वतः त्याला आंघोळ घातली, उचलून मंचकावर निजवले आणि मग भिक्खूंना सांगितले की रुग्णाची सेवा हीच माझी सेवा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर आपल्याला हा धम्म दिला, तो देव्हाऱ्यात ठेवायला नाही. प्रज्ञा म्हणजे आजाराचे खरे कारण ओळखणे आणि करुणा म्हणजे आजाऱ्याचा हात न सोडणे. दोन्ही एकत्र असतील तरच आपण बौद्ध.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातून डॉक्टर, परिचारिका, संशोधक व्हावेत. ते होईपर्यंत एवढे तरी करा. वस्तीत कोणाच्या दारी भगत येताना दिसला तर आधी रिक्षा बोलवा.



नमो बुद्धाय! जयभीम!