खडकीचे मैदान आणि धनराज पिल्ले

(कळंब येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



व्यावसायिक हॉकीपटूचे आयुष्य हा विषय माझ्याकडे सोपविताना, तो खेळाडू मैदानावरचा असावा की बर्फावरचा, ही निवड संयोजकांनी माझ्यावर सोडली होती. मी दोघांनाही घेऊन आलो आहे. मात्र मुख्य आसन धनराज पिल्ले याचे आहे, आणि कॅनडाचा गॉर्डी हाऊ आज आपला पाहुणा आहे. १९२८ पासून १९५६ पर्यंतची सलग सहा सुवर्णपदके, मेजर ध्यानचंद, १९७६ साली माँट्रियल येथे अवतरलेली कृत्रिम हिरवळ आणि तेथे आपल्या वाट्याला आलेला सातवा क्रमांक, हा सारा इतिहास या सभागृहात बसलेल्या शाळकरी मुलांनाही मुखोद्गत आहे. त्यात मी आपला वेळ दवडीत नाही. मला जे सांगावयाचे आहे ते आरंभीच उघडपणे सांगतो. खेळाडू हा मैदानाच्या निगेतून निपजतो. उपजत गुण, जिद्द, गुरुकृपा यांची थोरवी मी यत्किंचितही कमी लेखीत नाही. परंतु रोज पहाटे मैदानावर पाणी मारणारा इसम कुणाच्या तरी हजेरीपटावर असल्यावाचून त्या गुणांना उभे राहावयास जागा मिळत नाही, असे माझे दृढ मत आहे.

धनराजचा जन्म १६ जुलै १९६८ चा, पुण्याजवळच्या खडकीचा. तेथील दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा. आणि त्या लष्करी कारखान्यांच्या कामगारवसाहतीतील मैदानाची देखभाल करण्याची चाकरी धनराजचे वडील नागलिंगम पिल्ले यांच्याकडे होती. मुलगे पाच, मुशाहिरा तुटपुंजा. तरीही अंदाळम्मा या माउलीने त्या पाचांना खेळापासून परावृत्त करण्याऐवजी मैदानाकडे धाडले. धनराज त्यांतला चौथा. मोडक्या काठ्या आणि मोठ्या खेळाडूंनी टाकून दिलेले चेंडू, एवढ्या सामग्रीवर वसाहतीतल्या मऊ, चिकट मातीत तो शिकला. आदर्श डोळ्यांसमोर होता तो भारताचा आघाडीचा हॉकीपटू मोहम्मद शाहिद याचा. अशा मातीत चेंडू आपणहून पुढे जात नाही, त्याला मनगटाने न्यावे लागते, आणि पुढे जगाने ज्या वेगवान ड्रिबलिंगचे कौतुक केले त्याचे मूळ मला त्या मातीत दिसते. खडकीची ही परंपराही जुनी आहे; १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ध्यानचंदांच्या संघात असलेले बाबू निमल हे तेथलेच.

आता या मैदान राखण्याच्या चाकरीविषयी मला थोडे विस्ताराने बोलू द्यावे, कारण खेळाडूंच्या चरित्रांत तिला क्वचितच एखादे वाक्य मिळते. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पायाला धरून ठेवते. म्हणून तिच्यावर मुरमाचा थर द्यावा लागतो, तो चाळून घ्यावा लागतो, कारण चाळणीतून सुटलेला एक खडा चेंडूला उडवून खेळाडूच्या दातांवर किंवा नडगीवर नेऊन आदळवितो. पाणी मारावयाचे ते सूर्य वर येण्याच्या आत. ते कमी पडले तर दुपारी धुरळा उठतो, अधिक झाले तर माती रोलरला चिकटून वर येते. वाफसा नेमका कधी आला हे पायाच्या तळव्याने ओळखून त्याच घटकेला रोलर फिरवावयाचा असतो. ती घटका चुकली की तो दिवस फुकट गेला. त्यानंतर दोरी ताणून फक्की टाकावयाची, गोलापुढचे सोळा यार्डांचे वर्तुळ आखावयाचे, आणि सायंकाळी मुलांच्या पायांनी ते पुसले गेले की दुसऱ्या दिवशी पुन्हा आखावयाचे. शंभर यार्ड लांब आणि साठ यार्ड रुंद एवढे हे क्षेत्र, म्हणजे आपल्या हिशेबाने पन्नास गुंठ्यांस अर्धा गुंठा कमी.

(पुढच्या रांगेतील एक वयस्क श्रोते: “तेवढ्यात ऊस किती टन निघंल, तेबी सांगा की!” मोठा हशा.)

निघेल, आणि पुष्कळ निघेल. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या या शिवारात पन्नास गुंठ्यांचे मोल काय आहे हे जाणूनच मी ते मागतो आहे. पडीक, कुणाला नको असलेली जागा मी मागत नाही. गावोगाव चषक लावले जातात, मंडप पडतात, फेटे बांधले जातात, आणि उरलेले अकरा महिने त्या मैदानावर बाभळी वाढतात. लागण न करता खोडव्याची वाट पाहण्यासारखेच हे आहे. (टाळ्या.) आपल्या शेजारी वालचंदनगर आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनी या माळावर काय उभे केले ते आपण माझ्याहून अधिक जाणता; कारखाना जेथे येतो तेथे वसाहत येते, आणि वसाहतीने मनावर घेतले तर मैदान येते, एवढाच त्यातला माझ्या कामाचा भाग.

बर्फावरच्या हॉकीतही हाच न्याय आहे, आणि तेथे तो अधिक स्पष्ट दिसतो. त्यांचे क्रीडांगण दोनशे फूट लांब व पंच्याऐंशी फूट रुंद, म्हणजे अवघे साडेपंधरा गुंठे. वर जेमतेम इंचभर जाडीचा बर्फ. धारदार पात्यांच्या बुटांनी तो थोड्याच वेळात खरवडून निघतो. कॅलिफोर्नियातील फ्रँक झांबोनी या गृहस्थाचा धंदा बर्फाच्या लाद्यांचा. दूध आणि भाजीपाला थंड ठेवण्यासाठी त्या लाद्या विकल्या जात. विजेची शीतयंत्रे आली, लाद्यांचा खप बसला, तेव्हा हाताशी असलेली विद्या वापरून त्याने आणि त्याच्या आप्तांनी १९४० साली स्केटिंगचे क्रीडांगण उघडले. तेथे प्रत्येक वेळी बर्फ खरवडणे, चुरा उचलणे, पाणी फवारणे आणि ते गोठण्याची वाट पाहणे यात माणसांचा तासाहून अधिक काळ जाई. अनेक वर्षे खटपट करून १९४९ साली त्याने असे यंत्र सिद्ध केले की जे एकाच फेरीत पृष्ठभाग तासते, चुरा गोळा करते, आणि मागे पाण्याचा पातळ थर सोडीत जाते; आज ते यंत्र त्याच्याच नावाने ओळखले जाते. चेंडूऐवजी जी रबराची चकती तेथे खेळविली जाते ती सरळ धावते याचे श्रेय जितके खेळाडूच्या हाताला, तितकेच या बर्फ विकणाऱ्याच्या चिकाटीला आहे. मैदानाची निगा राखणाऱ्याच्या नावाने यंत्र ओळखले जावे, हे त्या समाजाला साधले.

माझ्या हाती एक चिठ्ठी आली आहे. “इंदापूर तालुका कुस्तीचा. एका तमिळ घरातल्या मुलाचे गुणगान येथे कशासाठी?” प्रश्नकर्त्याने नाव लिहिलेले नाही, आणि ते विचारण्याचे कारणही नाही. खडकीत जन्मलेला, मराठी अस्खलित बोलणारा, प्रीमियर हॉकी लीगमध्ये मराठा वॉरियर्स या संघातून खेळलेला धनराज जर आपला नसेल, तर आपले कोण याची यादी फार आखूड होईल. आणि कुस्तीचेच म्हणाल तर तालमीतली माती ताक, हळद, तेल घालून कोण मळतो, ती रोज फावड्याने कोण उकरतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला माझे म्हणणे दुसऱ्या कुणाहून लवकर पटेल. (टाळ्या.)

घड्याळाकडे पाहतो तो अध्यक्षमहाराजांनी दिलेल्या मुदतीतील थोडीच मिनिटे उरली आहेत, आणि धनराज अद्याप मुंबईलाही पोहोचलेला नाही. (हशा.) तर आता त्वरेने. थोरला भाऊ रमेश राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स (आर.सी.एफ.) या कंपनीकडून मुंबईच्या साखळीत खेळत होता. त्याच्या आधाराने धनराज मुंबईस आला, महिंद्र आणि महिंद्र या कंपनीच्या संघात दाखल झाला, तेथे जोकिम कार्व्हालो यांचे मार्गदर्शन लाभले. १९८९ साली दिल्लीच्या आशिया चषकात तो भारताकडून प्रथम उतरला. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी आणि चार आशियाई क्रीडास्पर्धा अशी त्याची कारकीर्द. १९९४ च्या सिडनी विश्वचषकानंतर निवडलेल्या जागतिक संघात तो एकटा भारतीय होता. लंडन, लिआँ, श्टुटगार्ट, मलेशिया, ढाका अशा ठिकाणच्या क्लबांतून तो मोसमामोसमाने खेळला; घर उभे राहिले ते कंपनीच्या नोकरीवर आणि या परदेशी करारांवर.

बँकॉकवर मात्र थोडे थांबलेच पाहिजे. १९९८ साली धनराजच्या नेतृत्वाखाली भारताने तेथे आशियाई सुवर्णपदक जिंकले. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी, निकाल पेनल्टी स्ट्रोकवर, गोलरक्षक आशिष बल्लाळ. हे पदक आपल्याला याआधी मिळाले होते ते बत्तीस वर्षांपूर्वी, १९६६ साली, त्याच शहरात. असा विजयी संघ मायदेशी परतला आणि पुढच्या निवडीत धनराजसह अनेक ज्येष्ठ खेळाडू वगळले गेले. सबब सांगितली गेली ती विश्रांतीची. लोकांनी ओळखले ते असे की, खेळाडूंनी भत्त्याविषयी तोंड उघडले होते. कॅनडाच्या टेड लिंडसेची कैफियतही अशीच आहे. गॉर्डी हाऊच्या शेजारी डेट्रॉईटच्या आघाडीत खेळणाऱ्या या माणसाने १९५७ च्या फेब्रुवारीत खेळाडूंची संघटना उभी करण्याचे जाहीर केले, आणि जुलैत त्याची शिकागोच्या संघाकडे रवानगी झाली. संघटनेला मान्यता मिळावयास १९६७ साल उजाडावे लागले. पराक्रमाची किंमत मागणे हा अपराध मानण्याची रीत दोन्ही खंडांत सारखीच क्रूर आहे, आणि तिचा मला आजही संताप येतो.

हाऊचे पहिले स्केट त्याच्या आईने एका गरजू शेजारणीकडून घेतलेल्या जुन्या सामानाच्या पोत्यात निघाले. एक पायात त्याने चढविला, दुसरा बहिणीने. तोच मुलगा १९४६ पासून १९८० पर्यंत, वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत खेळला, आणि नॅशनल हॉकी लीगच्या दफ्तरात त्याचे १७६७ सामने आणि ८०१ गोल बिनचूक नोंदलेले आहेत. धनराजचे आंतरराष्ट्रीय सामने ३३९. गोल किती, याची अधिकृत नोंद आपल्या महासंघाने ठेवलीच नाही. खेलरत्न दिले, पद्मश्री दिली, आणि त्याने केलेले गोल लिहून ठेवण्यास एक कारकून दिला नाही. मैदानाची निगा आणि दफ्तराची निगा ही माझ्या दृष्टीने एकच चाकरी आहे.

(अध्यक्षांची घंटा.)

सिडनी ऑलिंपिकमध्ये शेवटच्या दोन मिनिटांत पोलंडने केलेली बरोबरी आणि त्यामुळे हुकलेली उपांत्य फेरी, २००३ साली क्वालालंपूरला पाकिस्तानला ४-२ असे हरवून जिंकलेला आशिया चषक, अथेन्सचा निरोप, हे सारे सोडून देतो. ते आपण पाहिलेले आहे. मी येताना ग्रामसभेसाठी एका ठरावाचा मसुदा लिहून आणला आहे. पन्नास गुंठे सपाट जागा, मुरूम, एक रोलर, पाण्याची एक तोटी, आणि वर्षाचे बारा महिने दरमहा वेतनावर नेमलेला एक राखणदार, एवढ्याच बाबी त्यात आहेत. खेळ कोणता ते कळंबच्या मुलांनी ठरवावे. रकमेचा रकाना कोरा ठेवला आहे, तो येथील कारखान्यांच्या व सोसायट्यांच्या प्रतिनिधींनी आज मंडपातून बाहेर पडण्यापूर्वी भरावा अशी माझी विनंती आहे. मसुदा अध्यक्षांच्या हाती देतो आणि रजा घेतो.