काम काय करत होता?



अध्यक्षपदासाठी माझं नाव सुचवणाऱ्यांचे आभार. ज्यांनी विरोध केला नाही त्यांचे जरा जास्त आभार. प्रथेप्रमाणे मी आता अपंग पुनर्वसनाच्या वर्षभरातल्या कामाचा आढावा घ्यायला हवा. तो छापून तुमच्या पिशवीत दिलेला आहे, जेवणानंतर सवडीनं वाचा. मला दुसरंच बोलायचं आहे. छत्तीस वर्षं पोटात ठेवलंय, आज माइक हातात आहे.

मी हातपाय बनवणारा माणूस. पट्टीनं मोजायचं, प्लास्टरचा साचा घ्यायचा, सॉकेट घासायचं, पट्टे शिवायचे. सुरुवातीची वर्षं कॅलिपरमध्येच गेली. बाप खांद्यावर पोर घेऊन यायचा आणि पोलिओनं वाळलेले पाय माझ्यासमोर ठेवायचा. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, त्याच्या बऱ्याच आधी आमच्या बाकावरची ती पोरं कमी झाली होती. बाक मात्र रिकामा राहिला नाही. पऱ्हाटीच्या वावरात सोयाबीन आलं, सोयाबीनमागून थ्रेशर आलं. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत ते या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर फिरतं, पाऊस येईल म्हणून रात्री बल्ब लावून चालतं, आणि दिवसभर राबलेला मजूर झोपेच्या डोळ्यांनी त्यात पेंढ्या सारतो. दिवाळीनंतर जखमा सुकल्या की हे लोक माझ्याकडे यायला लागतात. बहुतेकांचा उजवा हात गेलेला असतो.

त्यांच्यासाठी आमच्याकडे एक छापील फॉर्म होता. नाव, गाव, वय, कोणता अवयव, कुठून तुटला, किती सेंटिमीटर उरला. असे हजारो फॉर्म मी स्वतः भरले. त्यात एक रकाना कधीच नव्हता : काम काय करत होता? मीही तो माझ्या हातानं कधी आखला नाही. माझी तक्रार ही एवढीच आहे, आणि तिच्यात पहिला आरोपी मीच आहे.

दारव्ह्याकडचा एक सालदार होता. कोपराखाली हात गेलेला. मी त्याला झकास हात करून दिला. पाच बोटं, त्यावर नखं, रंगही अगदी त्याच्या कातडीचा. फोटो काढला, कार्यक्रमात टाळ्या पडल्या. वर्षभरानं तो बसस्टँडवर भेटला, बाही लोंबकळत होती. विचारलं, हात कुठाय? म्हणाला, "पेटीत हाय भाऊ. लगनात घालतो. याच्यानं डवरा धरल्या जात नाही." मग कसला हात हवा? "हात कायले? मले रुमण्यात अडकन अशी कडी पाह्यजे."

कडी! ती मी संध्याकाळच्या आत लोहाराकडून करून सॉकेटला बसवू शकलो असतो. पण मी त्याला विचारलंच नव्हतं. मी त्याचा हात मोजला होता आणि हाताचं काम मोजायचं विसरलो होतो.

आता या मांडवात सकाळपासून चाललेल्या वादांकडे येतो. पहिला वाद शब्दाचा. अपंग म्हणायचं की दिव्यांग? यावर दीड तास गेला. मी एकदा झरी-जामणीकडच्या एका बाईला हे विचारलं होतं. ती म्हणाली, "काईबी म्हणा, पण निंदणाले बोलवाले आले का माह्याही दारात या." माझ्यापुरता तो वाद तिथेच मिटला.

दुसरा वाद आरक्षणाचा. १९९५ च्या कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के दिले, २०१६ च्या कायद्यानं ४ केले. ते भरले जावेत, त्यासाठी मोर्चा निघाला तर मी पुढे चालेन. पण माझ्या बाकावर बसलेल्यांत सातवीच्या पुढे गेलेला माणूस क्वचित असायचा. त्याची नोकरी मंत्रालयात नव्हती, दुसऱ्याच्या वावरात होती.

तिसरा वाद : वेगळ्या कर्मशाळा काढाव्यात की गावातच काम द्यावं? दोन्ही बाजू आनंदवनाचा दाखला देतात. वणीकडून वर्धा नदी ओलांडली की वरोरा. तिथे बाबा आमट्यांनी कुष्ठरोग्यांच्या हाती कुदळ दिली, विहीर खणली, शेती उभी केली. हे १९४९ नंतरचं. माझ्या मते त्यांनी आधी काम ठरवलं आणि मग त्या कामाला माणसाचा उरलेला हात कसा लागेल ते पाहिलं. आपण उलट चालतो. आधी वस्तू ठरते, मग ती घ्यायला माणूस शोधतात. एका शिबिरात दोन्ही पाय पोलिओनं गेलेल्या मुलीला शिलाई मशीन मिळालं. पायानं चालवायचं! मी मागच्या रांगेत बसलो होतो. उठून बोललो नाही. तीनचाकी सायकलीचं काय होतं तेही तुम्ही जाणता. काळ्या मातीत मृगाचा पाऊस पडला की चाक रुततं ते कार्तिकात निघतं. मधल्या काळात तिच्यावर कोंबड्या बसतात.

टक्क्यांबद्दल बोललो नाही तर मला झोप यायची नाही. आपलं अपंगत्वाचं प्रमाणपत्र ४० टक्क्यांच्या दारात अडतं. कामगार भरपाईच्या १९२३ च्या कायद्यातही तक्ता होता : अंगठा गेला तर ३० टक्के, चार बोटं गेली तर ५०, अख्खा पंजा गेला तर ६०. फरक हा, की तो तक्ता निदान कमाईची क्षमता किती गेली असं विचारायचा. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात आणखी पुढे जाऊन सांगितलं, की डावा हात गेलेला सुतार किंवा ड्रायव्हर कमाईतून जवळपास पूर्ण उठतो, कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. मग अंगठा गेलेल्या वेचणीवालीचं काय? कापूस बोंडातून ओढायला अंगठाच लागतो. ओटीत किती किलो पडलं त्यावर तिची मजुरी. तिला ३० टक्के कोणत्या हिशेबानं?

आणि याच जुन्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात यंत्रानं चालणाऱ्या शेतीकामावरचा मजूरही येत होता. म्हणजे थ्रेशरवरचा मजूर येत होता! अपघातापासून दोन वर्षांच्या आत दावा करायचा असायचा. हे मला कळलं तेव्हा माझ्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. किती लोक माझ्या बाकावरून दोन वर्षांच्या आतच उठून गेले असतील? मी त्यांना जपून चालायला सांगितलं, सॉकेटमध्ये पावडर टाकायला सांगितलं. कुणाच्या थ्रेशरवर होता, हे विचारलं नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेत एक अवयव गेला तर एक लाख मिळतात, पण ते सातबारावाल्या घराला. ज्याच्याकडे सातबारा नाही तो संजय गांधी निराधार योजनेच्या रांगेत. तिथली रक्कम अलीकडे दीड हजारांवरून अडीच हजारांवर गेली, चांगलं झालं. पण कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५० हजारांच्या आत दाखवावं लागतं. नवरा-बायको दोघं थोडं कमवायला लागले की दाखला हुकायची भीती. एक माणूस मला म्हणाला होता, भाऊ, कडी नका बसवू, तलाठी पाहील. मी हसलो. तो हसत नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, अध्यक्षांनी कार्यक्रम द्यावा. माझं म्हणणं इतकंच, की प्रत्येक केंद्रातल्या फॉर्मवर तो एक रकाना वाढवा, हातानं रेघ ओढली तरी चालेल. दुसरं, मजुराला दावा करायला मदत करतील असे वकील तालुक्यागणिक शोधावेत. कसे, ते उपसमिती ठरवेल. उपसमितीत कोण, हेही नंतर ठरवू. तिसरा एक मुद्दा टिपून ठेवला होता, पण तो कागद दुसऱ्या सदऱ्यात राहिला.

दारव्ह्याच्या त्या सालदाराला मी शेवटी कडी करून दिली. बैलगाडीच्या आखाजवळचं भंगार लोखंड, पितळी वॉशर, चामड्याचा पट्टा. माझ्या निवृत्तीनंतरही तो दरवर्षी घरी येतो. गेल्या ज्येष्ठात आला तेव्हा तिसरी कडी बसवायला आला होता. आधीच्या दोन झिजून गेल्या होत्या.