पगाराचा आकडा आणि पगाराची किंमत



मालक म्हणतात, पगार वाढवला. चिठ्ठीवर आकडा वाढला, हे खरं. पण तो आकडा वाण्याच्या दुकानात नेऊन बघा. समजा, १०० रुपयांचे ११० झाले. पण जो बाजार शंभरात भरत होता, त्याला आता १२५ लागतात. म्हणजे तुमच्या ११० ची किंमत जुन्या ८८ रुपयांएवढीच. दहा वाढले नाहीत, बारा कापले! आणि कापताना ना नोटीस, ना सही.

मंदी आली की हे दुखणं दुप्पट होतं. "माल उठत नाही, गोदामात तागे पडलेत, आता मागण्या नकोत," असं सांगतात. पण महागाई मंदी बघून थांबत नाही. १९७२ साली दुष्काळ पडला. १९७३ च्या अखेरीस परदेशात तेलाचे भाव भडकले. १९७४-७५ साली घाऊक भाव सुमारे २५ टक्क्यांनी चढले आणि धंदे मात्र रखडले. तेव्हा, १९७४ सालीच, सरकारनं कायदा केला. नवी पगारवाढ सगळी आणि वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीच्या ठेवीत! पुढं व्याजासकट हप्त्यांनी परत करायचे, हे खरं. पण आजची भूक उद्याच्या हप्त्यानं भागते का? म्हणे, कामगाराच्या हातात पैसा खेळला की भाव वाढतात. दुष्काळ आम्ही पाडला होता? तेल आम्ही महाग केलं होतं?

२०२० साली पुन्हा तेच. केंद्र सरकारच्या नोकरांचे महागाई भत्त्याचे तीन हप्ते दीड वर्ष गोठवले. सरकारच असं वागलं, तर मालक कशाला मागं राहील?

ध्यानात ठेवा, महागाई भत्ता कुणाची खैरात नाही. लढाईनं भाव चढले, तेव्हा मार्च १९४० पासून मुंबईचे पावणेदोन लाख गिरणी कामगार त्यासाठी ४० दिवस संपावर होते. आजही भाव आधी चढतात, निर्देशांक नंतर निघतो, भत्ता त्याच्याही मागून येतो. मधल्या महिन्यांची उधारी आपल्या डोक्यावर.

आता मालकांना एक सवाल. घरात चणचण आली की पहिली कात्री कशाला लागते? पिठाला नाही, घरभाड्याला नाही. कापडाला! बाईची साडी पुढच्या सणावर जाते, थोरल्याचा सदरा धाकट्याला येतो. लाखो घरांत असं झालं, तर तागे उठतील कसे? मालाचं गिऱ्हाईक आपणच आहोत. त्याचाच खिसा कापून मंदी हटत नाही, वाढते.

म्हणून आपली मागणी साधी आहे. मूळ पगारात खरी वाढ द्या. महागाई भत्ता निर्देशांकाप्रमाणे, पुरा आणि वेळेवर द्या. बदलीवाल्यालाही द्या, त्याला वाणी स्वस्तात देत नाही. पुढच्या करारावर अंगठा उठवण्याआधी प्रत्येक खात्यात हा हिशेब मांडा. आकड्यावर भुलू नका, किंमत विचारा!

कामगार एकजुटीचा विजय असो!