दिव्यापुढचा हात

म्हैसूरची सहल करून आलेल्या कुणालाही विचारा, जगनमोहन राजवाड्यात काय पाहिलंत? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. "अहो, ते दिवा घेतलेल्या बाईचं चित्र! राजा रविवर्म्याचं!" चित्र खरं, दिवा खरा, बाईही खरी; नाव तेवढं चुकलं.

अर्धवट आठवणारं चित्र शोधायचं झालं, तर चित्रकाराचं नाव सगळ्यात शेवटी काढावं, असं माझं मत आहे. नाव आपण बहुधा कुणाकडून तरी ऐकलेलं असतं. बाकीचं मात्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

तेव्हा नाव बाजूला ठेवा आणि आठवून बघा. बाई एकटीच उभी आहे. एका हातात दिवा, दुसरा हात ज्योतीपुढे आडवा धरलेला. बोटांच्या फटींतून उजेड झिरपतोय, बोटांच्या कडा लालसर झाल्यात. दिव्याचं तेज तोंडावर आलंय, मागे अंधार. यात दमयंतीचा हंस नाही की शकुंतलेच्या पायातला काटा नाही. रविवर्म्याच्या बऱ्याच गाजलेल्या चित्रांत पुराणातलं कुणी ना कुणी भेटतं. इथे घरातलीच बाई आहे.

मग रंग पाहा. हे जलरंगातलं काम आहे, आणि खरी गंमत तिथेच आहे. तैलरंगात आधी काळोख रंगवून त्यावर उजेडाचा जाडसा फटकारा मारता येतो. पारदर्शक जलरंगात ती सोय नाही. तिथे उजेड म्हणजे कोरा राखलेला कागद. चहूबाजूंनी गडद रंगाचे हात चढवत यायचं आणि ज्योतीपाशी कुंचला आवरायचा. एक ओघळ तिकडे गेला, की दिवा विझलाच म्हणून समजा!

आणि शेवटी साल. चित्र १९४५-४६च्या सुमाराचं. रविवर्मा १९०६ सालीच गेले. वाद मिटला.

हे चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं, 'ग्लो ऑफ होप' या नावानं ओळखलं जाणारं. हळदणकर मूळचे सावंतवाडीचे, जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले, १९०८ साली मुंबईत स्वतःची कलाशाळा काढणारे. दिवा धरून उभी आहे ती त्यांची मुलगी. आपल्याच माणसाचं श्रेय आपणच दुसऱ्याला देऊन बसतो, याचं वाईट वाटतं. पण घोटाळा कसा झाला तेही कळतं. त्याच राजवाड्यात रविवर्म्याची चित्रं आहेत. शिवाय रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथल्या तसबिरी घरोघरी लागल्या. तेव्हापासून साडीतली देखणी बाई चित्रात दिसली, की आपण बिनदिक्कत रविवर्मा म्हणून मोकळे होतो.

फ्रान्समध्ये तर एक अख्खा चित्रकारच असा हरवला होता. जॉर्ज द ला तूर १६५२ साली वारला आणि लोक त्याला विसरले. त्याची मेणबत्तीच्या उजेडातली चित्रं इतरांच्या नावावर जमा झाली. रेन शहरातल्या संग्रहालयात तान्ह्या बाळाचं एक चित्र आहे. त्यात शेजारच्या बाईनं मेणबत्तीपुढे असाच हात धरलाय. ज्योत दिसत नाही, तिचा उजेड तेवढा बाळावर पडतो. १९१५ साली हेरमान फोस या जर्मन अभ्यासकानं ते नांत शहरातल्या, ला तूरची सही असलेल्या चित्रांशी ताडून पाहिलं आणि विसरलेला चित्रकार पुन्हा हाती लागला.

पॅरिसला जाणं झालं, तर लूव्हरमध्ये त्याचं सुतार जोसेफचं चित्र शोधा. समोर मेणबत्ती धरून बसलेला लहानगा येशू आहे. त्याच्या बोटांतून उजेड आरपार आलाय, नखांच्या कडा दिसाव्यात इतका.