अर्ज तिचा, सही कुणाची?

(पुण्यात प्राध्यापक व संशोधक मैत्रिणींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



परदेशी विद्यापीठात शिकवायला जायचे तर पैसे कुठून आणि कसे मिळवायचे, यावर मी बोलावे असे आयोजक मैत्रिणींनी सांगितले. फॉर्म, मुदती, अटी हे सगळे सांगणार आहे. पण हा अर्ज मी दोनदा केला आणि पहिल्यांदा फसले. का फसले ते आधी सांगते, म्हणजे बाकीचे नीट कळेल.

तेव्हा मला नोकरीत सोळा वर्षे झाली होती. बाहेरच्या एका विद्यापीठातून पत्र आले होते की, एक सत्र येऊन शिकवा, राहण्या-जेवणाचा खर्च मात्र तुमच्याकडच्या एखाद्या शिष्यवृत्तीतून उभा करा. मी अर्ज लिहिला. त्याला नोकरीच्या ठिकाणचे ना-हरकत पत्र जोडायचे होते. कार्यालयात गेले, तर विचारणा झाली, "मॅडम, सरांची संमती आणलीत का?" मला वाटले, सर म्हणजे प्राचार्य. नाही, सर म्हणजे माझा नवरा!

फॉर्ममध्ये असा रकाना कुठेही नव्हता. नियमही नव्हता. आणि मी काय केले? इथे व्यासपीठावरून स्त्री-हक्कांवर बोलणारी मी निमूटपणे घरी आले आणि नवऱ्याकडे पत्र मागितले. त्याने हसत हसत लिहून दिले, 'माझी हरकत नाही.' मला चक्क कृतज्ञ वाटले. ते पत्र टेबलावरून टेबलावर फिरत राहिले आणि मुदत संपल्यावर चौथ्या दिवशी माझे ना-हरकत पत्र तयार झाले. कार्यालयाचा राग आलाच, पण 'हे कोणत्या नियमात आहे, लेखी द्या' एवढे वाक्य माझ्या तोंडून निघाले नाही, याचा जास्त आला.

त्या काळात मी पंडिता रमाबाईंची पत्रे पुन्हा वाचायला घेतली. रमाबाईंची गोष्ट आपण धर्मांतरापाशी सुरू करतो आणि तिथेच संपवतो. मी या वेळी फक्त पैशांच्या अंगाने वाचली. 1882 साली त्या पुण्यात आल्या, इथे आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. पदरात लहान मुलगी, नवरा वारलेला, माहेर असे उरलेलेच नाही. त्या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी 1883 साली इंग्लंडला जाण्याचा खर्च उभा केला. तिथे वाँटेजच्या मठात राहायची सोय झाली, तीही फुकट नव्हे. हिंदुस्थानात येऊ घातलेल्या भगिनींना मराठी शिकवायचे आणि त्या बदल्यात राहायचे. म्हणजे कुणाच्या उपकारावर नाही, आपल्या विद्येच्या मोलावर. मला हा हिशेब फार आवडतो.

ऐकू कमी येत असल्याने डॉक्टरकीचा बेत सोडावा लागला. मग 1884 पासून चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या स्वतः शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. पुढे प्रश्न आला तो पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा. हिंदुस्थानातल्या बिशपमंडळींचे मत पडले की हे बरे नव्हे. बाईने पुरुषांना शिकवले हे कळले, तर मायदेशी तिचा प्रभाव राहणार नाही. गंमत पाहा, या बाईने हिंदुस्थानात पुरुषांनी भरलेल्या सभांतून व्याख्याने दिली होती! रमाबाईंनी हेच ठणकावून लिहिले. प्राचार्य डोरोथिया बील त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. पण पत्रापत्री चालली ती त्यांनी काय करावे हे इतरांनी ठरवण्याची. माझ्या कार्यालयातल्या 'सरांची संमती'पेक्षा ती भाषा सभ्य होती, इतकाच फरक.

दुसऱ्या इरावतीबाई कर्वे. आपल्या पुण्याच्याच. त्या जर्मनीला निघाल्या तेव्हा विरोध केला तो खुद्द सासऱ्यांनी, म्हणजे महर्षी कर्व्यांनी. ज्यांनी बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले त्यांनी! नवरा, दिनकर कर्वे, पाठीशी उभे राहिले. जीवराज मेहतांकडून कर्ज मिळाले. 1930 साली बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या. पुढे 1951-52 मध्ये लंडनच्या 'स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज'मध्ये गेल्या, आणि भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या त्यांच्या 1953 सालच्या ग्रंथाचा पहिला खर्डा तिथे तयार झाला. आपल्या आत्या-मामे-भाचरांचा अभ्यास लंडनमध्ये बसून! हे लक्षात ठेवा, मी त्यावर परत येणार आहे.

आता कामाचे बोलू. तुम्ही नोकरीत असाल आणि अमेरिकेत शिकवायचे असेल, तर फुलब्राइट-नेहरू ही पाठ्यवृत्ती पाहा. फुलब्राइट योजना आपल्याकडे 1950 पासून आहे. अध्यापकांसाठीच्या प्रकारात शिकवणे, संशोधन किंवा दोन्ही करता येते. अर्जाला शुल्क नाही. कुणी एजंट पैसे मागत असेल तर तिथून उठून या. परत आल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते, हे घरी आधीच सांगा. निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

ज्यांची अजून पीएच.डी. व्हायची आहे त्यांना आधी शिक्षणासाठी जावे लागेल. टाटांच्या निधीतून 1892 पासून कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळते; सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत आपल्या कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. अनुसूचित जातींच्या मुलींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या योजनेत भटक्या-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांतल्या मुलीही येतात आणि 30 टक्के जागा स्त्रियांसाठी असतात. पण 2022 साली तिच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास असे विषय वगळले गेले. म्हणजे वस्तीतली मुलगी आपल्याच वस्तीवर, जातीवर, आपल्या आईच्या मजुरीवर परदेशी अभ्यास करू म्हणाली, तर तिला त्या पैशातून जाता येणार नाही. इरावतीबाईंच्या ग्रंथाचा विषयही त्यात बसला नसता. यावर आपल्या संघटनांनी जेवढे बोलायला हवे होते तेवढे आपण बोललो नाही, असे माझे मत आहे.

कागदपत्रांत बायकांचा जीव सगळ्यात जास्त जातो तो नावापायी. माझ्या पदवीवर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे आणि छापलेल्या लेखांवर कधी हे कधी ते. आमच्या एका मैत्रिणीचे तर लग्नात पहिले नावही तांदळात नवे लिहिलेले. तीन कागद, तीन बाया! राजपत्रातली नोंद आणि प्रतिज्ञापत्र करून हे जुळवावे लागते आणि त्याला वेळ जातो. मुदतीच्या महिन्यात हे काम काढू नका, आज घरी गेल्यावर काढा. आणि लग्न व्हायच्या मुलींनो, नाव बदलायचे की नाही हा प्रश्न मांडवात नको, त्याआधी विचारा.

दुसरा घोळ उत्पन्नाच्या दाखल्याचा. कुटुंबाचे उत्पन्न म्हटले की बाईच्या बाबतीत नवऱ्याचे धरतात. एक परित्यक्ता मुलगी माझ्याकडे आली होती. नवऱ्याने सहा वर्षांपूर्वी घराबाहेर काढलेली, कज्जा चालू. तिच्याकडे त्याच्या पगाराचा पुरावा मागितला. ती म्हणाली, "ताई, पोटगी मागायला कोर्टात गेले तेव्हा त्याने उत्पन्नच नाही म्हणून सांगितलं. आता याला सांगू, की आहे?" तिचा अर्ज त्या वर्षी राहिला. आम्ही वकील मैत्रिणीच्या मदतीने कोर्टातल्या कागदांच्या नकला जोडून पुढच्या वर्षी पुन्हा भरला. निकाल अजून यायचा आहे.

माझ्या दुसऱ्या अर्जाबद्दल. ना-हरकत पत्राची विनंती मी सहा महिने आधी दिली, पोच घेतली. 'सरांची संमती' पुन्हा विचारली गेली तेव्हा नियम लेखी मागितला; तो कधी आलाच नाही, पत्र मात्र बारा दिवसांत मिळाले. अर्जही बदलला. पहिल्या अर्जात मी काय लिहिले होते माहीत आहे? 'संधी मिळाल्यास प्रयत्न करीन', 'माझ्या अल्प अनुभवातून'. सोळा वर्षे अल्प! दुसऱ्या वेळी मी काय शिकवणार ते आठवड्या-आठवड्याने मांडले, कोणती पुस्तके, कोणते मराठी मजकूर भाषांतरासह, कोणत्या विद्यार्थ्यांना. परत आल्यावर इथल्या मुलींना त्याचा काय उपयोग तेही लिहिले. मुलाखतीत, सासूबाईंकडे कोण पाहणार, असे एका सदस्यांनी विचारलेच. मी म्हटले, "त्यांचा मुलगा." सगळे हसले. मी हसले नाही. पाठ्यवृत्ती मिळाली, मी गेले, साडेचार महिने शिकवून आले. सासूबाई ठीक होत्या, मुलाला वरण-भात लावता येऊ लागला होता.

शनिवारी दुपारी तीन ते पाच मी घरीच असते. अर्धवट भरलेला फॉर्म घेऊन या. येताना दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका आणा, आणि नाव कुठे कसे लिहिले आहे ते एका कागदावर लिहून आणा.